कणीस की ऑलिव्ह?

मुठेकाठचे वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत आले आणि गावाचे उपनगर झाले. गाव बदलले तसा बाजारही बदलला. आता भाजीवाल्याकडे मक्याची कणसे, तर पलीकडच्या दुकानात खाऱ्या पाण्यातल्या ऑलिव्हची बरणी! जादा पैसे मोजून आणलेली ही बरणी कणसाहून खरोखरच पौष्टिक का, असा प्रश्न गृहिणीला पडणारच.

आकडेच पाहू. शंभर ग्रॅम उकडलेल्या पिवळ्या दाण्यांत सुमारे ९६ उष्मांक, २१ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि साडेतीन ग्रॅमपर्यंत प्रथिने असतात. स्निग्धांश अवघा दीड ग्रॅम. तेवढ्याच हिरव्या ऑलिव्हमध्ये उष्मांक १४५. पण ते बहुतेक १५ ग्रॅम तेलातून येतात. प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे मका हे धान्य, तर ऑलिव्ह हे तेलाचे फळ. त्यातले ओलेइक आम्ल हृदयाला हितकर खरे. पण आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही ते भरपूर असते.

खरी मेख मिठात आहे. ताजे ऑलिव्ह कडू लागते, म्हणून ते खाऱ्या पाण्यात मुरवतात. परिणामी शंभर ग्रॅममध्ये जवळजवळ ४ ग्रॅम मीठ! जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. घरात रक्तदाबाचे कोणी असेल, तर हे विसरू नये. मधुमेही मंडळींनी मात्र कणीस खाल्ल्यास त्या जेवणातली एक पोळी कमी करावी.

तेव्हा भूक भागवायला कणीसच बरे. ऑलिव्ह हवेच असेल, तर दोन-तीन, पानात डावीकडे, लोणच्याच्या जागी वाढावे. आणि कणसावर लिंबू-मीठ चोळतानाही हात जरा आखडताच ठेवावा!