नरक, ख्रिस्ती धर्मातील

पश्चात्ताप न करता मरण पावलेल्या पापी मनुष्याची परमेश्वरापासून होणारी कायमची ताटातूट व त्यातून भोगावी लागणारी शिक्षा, असा नरक या संज्ञेचा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील रूढ अर्थ आहे. ही कल्पना ख्रिस्ती धर्माच्या आरंभी तयार स्वरूपात अवतरली नाही. हिब्रू परंपरेतील मृतांचा लोक, यरुशलेमजवळचे एक खोरे आणि ग्रीक पुराणकथांतील पाताळ या तीन भिन्न उगमांतून ती घडत गेली. मराठीत तिच्यासाठी ‘नरक’ हा संस्कृत शब्द स्वीकारला गेला. त्या शब्दाला आधीपासूनच वेगळा अर्थ असल्यामुळे मराठी भाषिक समाजात या संकल्पनेचे आकलन काहीसे गुंतागुंतीचे झाले.

शब्दांचे मूळ : बायबलच्या जुन्या करारात मृतांच्या वसतिस्थानाला ‘शेओल’ असे म्हटले आहे. ते जमिनीखालील अंधारे व निःशब्द स्थान असून तेथे सज्जन व दुर्जन दोघेही जातात. त्यात न्यायनिवाड्याची किंवा यातनांची स्पष्ट कल्पना नाही. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. तेव्हा शेओलसाठी ‘हेडीस’ हा ग्रीक शब्द योजला गेला व त्याबरोबर ग्रीकांच्या परलोककल्पनेच्या छटाही त्यात मिसळल्या.

यातनास्थान या अर्थी नव्या करारात येणारा मुख्य शब्द ‘गेहेन्ना’ हा होय. त्याचे मूळ हिब्रू रूप ‘गे-हिन्नोम’ म्हणजे हिन्नोमचे खोरे. यरुशलेमच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस असलेले हे खोरे आजही पाहावयास मिळते. आहाज व मनश्शे या राजांच्या काळी तेथे मोलख या दैवतापुढे मुलांना अग्नीत अर्पण करण्याची प्रथा होती, असे जुना करार सांगतो. इ. स. पू. सातव्या शतकात योशीया राजाने ते स्थान भ्रष्ट करून ही प्रथा बंद पाडली. यिर्मया या संदेष्ट्याने पुढे या खोऱ्यास संहाराचे खोरे असे नाव पडेल, अशी भविष्यवाणी केली. अशा रीतीने निरपराध मुलांच्या वधाची भूमी ही ईश्वरी न्यायाच्या भूमीचे प्रतीक बनली. या खोऱ्यात शहराचा कचरा सतत जळत असे, ही समजूत बरीच प्रचलित आहे. तथापि ती मध्ययुगीन यहुदी भाष्यकार डेव्हिड किम्ही याच्या सु. १२०० च्या लेखनापर्यंतच मागे नेता येते. तिला पुरातत्त्वीय आधार मिळालेला नाही.

गेहेन्ना हा शब्द नव्या करारात बारा वेळा येतो. त्यांपैकी अकरा वेळा तो मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या मुखी असून एकदा याकोबाच्या पत्रात आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पतित देवदूतांच्या बंदिवासासंदर्भात ‘टार्टारोस’ या ग्रीक पुराणकथेतील पाताळाच्या नावावरून बनलेले क्रियापद एकदाच आले आहे. संत पौलाच्या पत्रांत मात्र गेहेन्ना हा शब्द आढळत नाही. पापाचे फळ म्हणून तो मृत्यू व नाश यांचा उल्लेख करतो.

कल्पनेचा विकास : मृत्यूनंतर सज्जन व दुर्जन यांची गती भिन्न असावी, हा विचार यहुदी धर्मात विशेषतः इ. स. पू. दुसऱ्या शतकात बळावला. अंतायखस चौथा या सेल्युसिड राजाने यहुद्यांचा धर्मछळ केला व इ. स. पू. १६७ च्या सुमारास मक्काबींचे बंड उद्भवले. धर्मासाठी प्राण देणारे व त्यांचे प्राण घेणारे या दोघांचीही गती सारखीच असेल, तर ईश्वराच्या न्यायाला अर्थ काय, असा प्रश्न त्या वेळी उभा राहिला. दानीएलच्या ग्रंथातील पुनरुत्थानाची कल्पना आणि हनोखाच्या ग्रंथातील दंडस्थानांची वर्णने या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागतात. नरककल्पनेचा उगम केवळ भीतीत नसून पीडितांच्या न्यायाच्या मागणीतही आहे, ही गोष्ट यावरून लक्षात येते. इराणच्या जरथुश्त्री धर्मातील न्यायनिवाड्याच्या कल्पनांचा यावर प्रभाव पडला असावा, असे काही अभ्यासक मानतात. परंतु त्याबाबत एकमत नाही. जरथुश्त्री मतानुसार सृष्टीच्या अंतिम नवीकरणानंतर नरकाचे अस्तित्व उरत नाही, हा महत्त्वाचा फरकही ध्यानात घ्यावयास हवा.

येशूच्या उपदेशात नरकाचा उल्लेख प्रायः नैतिक इशारा म्हणून येतो. मत्तयकृत शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या वर्णनात भुकेल्यांना अन्न न देणारे, परक्यांना आश्रय न देणारे व बंदिवानांची विचारपूस न करणारे दंडास पात्र ठरतात. लूककृत शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य व दरिद्री लाजर यांच्या दृष्टान्ताचा रोखही दारातील दुःखिताकडे डोळेझाक करण्यावर आहे. प्रकटीकरणाच्या ग्रंथातील अग्निसरोवर हे ‘दुसरे मरण’ होय, असे तेथे म्हटले आहे.

चर्चमधील मतभेद : नरक शाश्वत आहे की नाही, याविषयी प्राचीन काळापासून मतभेद होते. ॲलेक्झांड्रियाचा ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) याच्या मते शिक्षेचा हेतू शुद्धीकरण हा असून अखेरीस सर्व जीव ईश्वराकडे परततील अशी आशा धरता येते. निसाचा ग्रेगरी यानेही चौथ्या शतकात जवळपास हेच मत मांडले. याउलट संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने आपल्या ईश्वरनगरीविषयक ग्रंथाच्या एकविसाव्या भागात शाश्वत शिक्षेचे सविस्तर समर्थन केले. ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियन याने ऑरिजेनच्या मतांचा निषेध केला. पाश्चात्त्य चर्चमध्ये ऑगस्टीनचे मत प्रमाण ठरले.

मध्ययुगात या सिद्धान्तास काटेकोर रूप मिळाले. १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने शाश्वत शिक्षेचा पुनरुच्चार केला. १३३६ मध्ये पोप बारावे बेनेडिक्ट यांनी महापापात मरण पावलेल्यांचा आत्मा मृत्यूनंतर लगेच नरकात जातो, असे घोषित केले. संत टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने ईश्वरदर्शनास मुकण्याची व्यथा आणि इंद्रियांना होणारी यातना असे शिक्षेचे दोन प्रकार मानले, त्यांपैकी पहिली व्यथा अधिक मोठी होय. नऊ वर्तुळांच्या नरकाचे चित्र जनमानसात रुजले ते दान्ते (१२६५–१३२१) याच्या महाकाव्यामुळे. ती चर्चची शिकवण नव्हे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी मृतात्म्यांच्या शुद्धिस्थानाची कल्पना नाकारली. मात्र नरकाची कल्पना कायम ठेवली. जॉन कॅल्व्हिन याने नरकातील अग्नी हे रूपक मानले.

विसाव्या शतकात स्थानापेक्षा अवस्थेवर भर दिला जाऊ लागला. कॅथलिक चर्चने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात नरक म्हणजे मनुष्याने स्वतःच्या निवडीने ईश्वराच्या सहवासापासून स्वतःला कायमचे वगळणे, असा अर्थ दिला आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ मध्ये हाच आशय स्पष्ट केला. काही प्रॉटेस्टंट विचारवंत पापी जीवाचा अखेर समूळ नाश होतो, असे मानतात, तर काही वैश्विक तारणाची आशा बाळगतात. ईश्वराचे प्रेम, त्याचा न्याय व मनुष्याचे स्वातंत्र्य या तिन्हींचा मेळ कसा घालावयाचा, हा या सर्व मतांमागील मूळ प्रश्न होय.

मराठी परंपरा : मराठी भाषेतील ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ गोव्यात झाला. इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मोपदेशक टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे ख्रिस्तपुराण हे ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे छापले गेले. परका धर्म पुराणाच्या ओळखीच्या घाटात सांगण्याची ही रीत होती. गोव्यातील कोकणी कॅथलिकांच्या बोलीत नरकास ‘येमकोंड’ म्हणतात. या शब्दातील यमाचे नाव अशा सांस्कृतिक मिश्रणाची साक्ष देते.

विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूर (बंगाल) येथून १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत प्रसिद्ध केले. त्यानंतर झालेल्या भाषांतरांपैकी प्रचलित मराठी बायबलमध्ये शेओल व हेडीस यांसाठी सामान्यतः ‘अधोलोक’ आणि गेहेन्नासाठी ‘नरक’ असे शब्द आहेत. मृतांचा लोक व दंडाचे स्थान यांतील भेद त्यामुळे मराठीत बराचसा टिकून राहिला. प्रेषितांच्या मतांगीकारात ख्रिस्त अधोलोकात उतरला असे जे म्हटले जाते, त्याचा अर्थ तो मृतांच्या लोकात गेला असा आहे. यातनास्थानात गेला असा नव्हे.

तथापि नरक या शब्दामुळे एक अडचण उद्भवते. मनुस्मृतीत एकवीस व भागवतपुराणात अठ्ठावीस नरक सांगितले आहेत. तेथील भोग कर्माच्या प्रमाणात असून ते संपल्यावर जीव पुन्हा जन्म घेतो. बौद्ध परंपरेतही निरय ही संसारातील एक गतीच आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे भग्न चित्र असून असे चित्र याच विचाराचे द्योतक असते. ख्रिस्ती नरक एकच असून एकाच आयुष्याच्या अंती त्याचा निर्णय होतो आणि पारंपरिक मतानुसार त्यातून सुटका नाही. मर्यादित आयुष्यातील पापास अमर्याद शिक्षा का, हा आक्षेप म्हणूनच मराठी मनाला सहज सुचणारा आहे. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–९५) यांनी ख्रिस्ती धर्माचे खंडन करताना या सिद्धान्तावर आक्षेप घेतला होता. १८४८ मध्ये त्यांनी स्वतःच ख्रिस्ती धर्म स्वीकारला व ते नेहेमिया गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. परंतु शाश्वत दंडाचा प्रश्न त्यानंतरही त्यांच्या मनाला अस्वस्थ करीत राहिला.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीचे कार्य चालू होते आणि मूळचे पारशी असलेले रतनजी नवरोजी हे त्या कार्यातील प्रमुख धर्मोपदेशक होते. जिल्ह्यातील घोगरगाव हे जुने कॅथलिक केंद्र असून १९७७ मध्ये औरंगाबाद येथे स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. या प्रदेशातील ख्रिस्ती समाजात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. दारी पडलेल्या लाजराचा कैवार घेणारा दृष्टान्त अशा समाजाला केवळ परलोकविषयक वाटत नाही.

या शहरात मराठी व दखनी उर्दू शेजारी शेजारी नांदतात. उर्दूतील व मराठी बोलण्यातही शिरलेला ‘जहन्नम’ हा अरबी शब्द गेहेन्ना याच मुळाचा आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता मराठी ख्रिस्ती वाचकाच्या ‘नरका’पेक्षा त्याच्या मुस्लिम शेजाऱ्याचा ‘जहन्नम’ हा बायबलच्या मूळ शब्दाला अधिक जवळचा आहे. अर्थाच्या बाबतीत मात्र कोणताही एक शब्द पुरेसा ठरत नाही. हिन्नोमच्या खोऱ्यात बळी गेलेल्या मुलांची स्मृती, छळ सोसणाऱ्यांची न्यायाची मागणी व दुःखिताकडे पाठ फिरविणाऱ्यास दिलेला इशारा ही तिन्ही सूत्रे एकत्र घेतल्यासच ख्रिस्ती नरककल्पनेचा आशय नीट उलगडतो.