बेरीज बरोबर आली, हे ठरवायचं कसं?

मागच्या व्याख्यानात फ्लोटिंग-पॉइंट आकडा मेमरीत कसा बसतो ते आपण पाहिलं. आता असे पुष्कळ आकडे एकत्र मिळवू आणि उत्तर तपासू.

व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० वर एक निर्देशांक सुरू केला. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास उतरला होता. नव्याने हिशेब केला तेव्हा खरा आकडा निघाला साधारण १०९८! प्रत्येक व्यवहारानंतर निर्देशांक दुरुस्त व्हायचा आणि तिसऱ्या दशांश स्थळापुढचं सगळं छाटलं जायचं. छाटणी नेहमी खालच्याच बाजूला, त्यामुळे चूक साचत गेली.

पण छाटण्याऐवजी जवळच्या आकड्याला नेलं, तरी धोका संपत नाही. ३२ बिटांत ०.१ हा आकडा एक कोटी वेळा मिळवत जा. दहा लाख यायला हवेत, येतात १०,८७,९३७. का? तर ५,२४,२८८ च्या पुढे शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतर ०.०६२५ असतं. मग ०.१ मिळवलं की बेरीज ०.१२५ ने पुढे सरकते, कारण तोच जवळचा आकडा. असंच मिळवत राहिलात तर २०,९७,१५२ वर गाडी कायमची थांबते. तिथे अंतर ०.२५ आहे, आणि ०.१ त्याच्या निम्म्याहूनही कमी.

आता टेस्टकडे येऊ. बहुतेक जण काय करतात? शून्य ते एकमधले हजारभर रँडम आकडे घेतात, ६४ बिटांत बेरीज करतात, फरक अगदी छोटा आहे ना एवढं बघतात. ही परीक्षा कोणतीही पद्धत पास होते. सगळे आकडे धन असले की एकमेकांना खोडत नाहीत, म्हणजे पेपरच सोपा.

अवघड पेपर हा घ्या: १, दहाचा शंभरावा घात, पुन्हा १, आणि शेवटी उणे दहाचा शंभरावा घात. उत्तर २. साधा लूप शून्य देतो. १९६५ ची काहानची पद्धत प्रत्येक बेरजेत गळलेला भाग हातच्यासारखा जपून पुढच्या आकड्यात मिळवते, तीही इथे शून्यच देते. न्यूमायरने १९७४ मध्ये सुधारलेली पद्धत २ देते. पायथनचं एफसमही २ देतं.

खरं उत्तर आणायचं कुठून? प्रत्येक फ्लोटिंग-पॉइंट आकडा हा नेमका अपूर्णांक असतो, तेव्हा अपूर्णांकातच बेरीज करा. फक्त मेमरीत साठलेला आकडा घ्या, कागदावरचा नको. ३२ बिटांतला ०.१ मुळातच ०.१ पेक्षा किंचित मोठा आहे. तो दोष बेरजेच्या माथी मारू नये.

चूक मोजायची कशाच्या प्रमाणात, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. उत्तराच्या प्रमाणात मोजली, तर आकडे एकमेकांना खोडतात तिथे चांगली पद्धतही नापास दिसते. मग लोक टेस्ट हिरवी होईपर्यंत मर्यादा सैल करत जातात, आणि त्या सैल मर्यादेतून खरी चूकही निसटते. त्यापेक्षा सगळ्या आकड्यांची चिन्हं काढून बेरीज करा आणि चुकीला तिने भागा. साध्या लूपसाठी हे गुणोत्तर, ढोबळमानाने, आकड्यांची संख्या भागिले दोनचा ५३ वा घात याच्या आत राहायला हवं. हे ६४ बिटांसाठी. काहानच्या पद्धतीत ते आकड्यांच्या संख्येबरोबर जवळजवळ वाढतच नाही. वाढताना दिसलं, तर कोडमध्ये गडबड आहे.

खरं उत्तर हाताशी नसेल तर क्रम पिसून पुन्हा बेरीज करा. दोन वेगळी उत्तरं आली तर निदान एक तरी चूक. सारखी आली म्हणून मात्र काही सिद्ध होत नाही हं.

आणि टेस्ट चालवायची ती ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डवरच. जीसीसीचा फास्ट-मॅथ पर्याय चालू असेल तर कंपायलर बीजगणित लावतो, हातचा शून्यच आहे असं ठरवतो आणि काहानची दुरुस्ती पुसून टाकू शकतो. डीबग बिल्डमध्ये हे दिसणारही नाही.