शाळेतला मुका पहारेकरी

सरकारी शाळांमध्ये पुढील 5 वर्षांत 50,000 अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा 2025च्या अर्थसंकल्पात झाल्यापासून चर्चा मुख्यतः या संख्येभोवतीच फिरत राहिली आहे. वास्तविक सहावी ते बारावीची मुले अशा प्रयोगशाळांत जी उपकरणे घडवतात, ती विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलावरून उचलून शाळेच्या भिंतीवर बसवल्यानंतर कितपत भरवशाची ठरतात, याचा विचार आधी व्हायला हवा.

या उपकरणांत मुलांची सर्वांत लाडकी म्हणजे आपोआप वाजणारी घंटा. तिचा मेंदू असतो आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक. मात्र वीज जाऊन परत आली की हा बोर्ड वेळ पुन्हा शून्यापासून मोजू लागतो, म्हणून त्याला बटनसेलवर चालणारे स्वतंत्र घड्याळ, म्हणजेच आरटीसी, जोडावे लागते. या घड्याळातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि ही संख्या 15 वेळा निम्मी केली की 1 उरतो, म्हणजे बरोबर एक सेकंद हाती येतो. स्फटिकाच्या कंपनांत 10 लाखांत 20 इतकी चूक असली तरी घड्याळ महिन्याला सुमारे 52 सेकंद आणि वर्षाला 10 मिनिटांहून अधिक पुढे-मागे जाते. तापमानाप्रमाणे स्वतःत दुरुस्ती करून घेणाऱ्या डीएस 3231 या चिपमध्ये हीच चूक वर्षाला साधारण एका मिनिटावर येते. घातांक, टक्केवारी आणि पदार्थविज्ञान असे एका घंटेपाशी एकत्र येणे ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि अशी घंटा प्रत्येक शाळेत मुलांनीच बसवावी. ती चुकली तर बिघडत नाही, कारण मधल्या सुट्टीची घंटा झाली नाही हे सर्वांत आधी मुलांनाच कळते.

सुरक्षेच्या उपकरणांचे तसे नाही. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखण्यासाठी मुले बहुधा एमक्यू 2 हा स्वस्त सेन्सर वापरतात. त्यात टिन ऑक्साइडचा थर तापवून ठेवलेला असतो आणि ज्वलनशील वायू लागताच त्या थराचा विद्युतरोध घटतो. आता आतली तापक तार तुटली तर हा रोध वाढलेलाच राहतो आणि सेन्सर ‘हवा स्वच्छ आहे’ असेच सांगत राहतो. अशा वेळी भिंतीवर पहारेकरी उभा दिसतो, पण तो मुका झालेला असतो. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे धुराच्या सेन्सरप्रमाणे छताजवळ लावलेले उपकरण नको तितक्या उशिरा जागे होते. आणि हवेत या वायूचे प्रमाण सुमारे 2 टक्के झाले की ठिणगी पुरेशी असल्याने, भोंगा चालू करणारा उघडा रिले स्वयंपाकघराबाहेरच असला पाहिजे. या बाबी मुलांना शिकवल्याशिवाय असे उपकरण बसवू देणे हा त्यांच्या मेहनतीवरही अन्याय आहे.

अधिक सेन्सर म्हणजे अधिक सुरक्षा, हे समीकरणही तपासून पाहावे लागते. आरएफआयडी कार्डाची हजेरी कार्ड आले एवढेच सांगते, मूल आले की नाही हे सांगत नाही. याउलट जपानमध्ये सप्टेंबर 2022 मध्ये बालवाडीच्या बसमध्ये विसरली गेलेली 3 वर्षांची मुलगी उष्म्याने दगावल्यानंतर, एप्रिल 2023 पासून अशा बसमध्ये सूचक यंत्रणा सक्तीची झाली. तिच्या एका प्रकारात इंजिन बंद होताच भोंगा सुरू होतो आणि तो थांबवण्याचे बटण बसच्या अगदी मागे असते, त्यामुळे चालकाला प्रत्येक आसनाजवळून जावेच लागते. एक बटण, एक भोंगा आणि थोडी तार यांतून साधणारी ही रचना नववीतल्या मुलांच्याही आवाक्यातली आहे, आणि माणसाला बाजूला सारण्याऐवजी त्याला जागेवरून उठवते म्हणूनच ती श्रेष्ठ आहे.

महाराष्ट्राला या विचारासाठी दूर जाण्याचे कारण नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्या आग्रहापोटीच. तेथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाला देतात आणि गावाला खरोखर लागणाऱ्या वस्तू व सेवा पुरवतात. ज्याचे काम आहे तो ते वापरणार आणि बिघडले तर विचारायला येणार, ही जाणीव प्रदर्शनातल्या बक्षिसातून येत नाही.

अटल लॅबसाठी ठरलेल्या 20 लाख रुपयांपैकी 10 लाख उभारणीसाठी आणि 10 लाख पुढील 5 वर्षांच्या कामकाजासाठी असतात. त्या दुसऱ्या भागातून मुलांनी बसवलेल्या उपकरणांची देखभाल हे नियमित काम मानले जावे, दर आठवड्याला लायटरचा न पेटवलेला गॅस सेन्सरजवळ सोडून चाचणी घ्यावी, तिची नोंद वहीत व्हावी आणि दहावीची मुले जाताना ती वही नववीच्या हाती द्यावी. त्याहून चांगले म्हणजे सेन्सरच्या तापक तारेतील विद्युतप्रवाह मोजून तो घंटेशी जोडावा: प्रवाह थांबला, तर सकाळची पहिली घंटा वेगळ्या सुरात वाजेल आणि प्रार्थनेला उभी असलेली सगळी शाळा ती ऐकेल.