चौकट : कात टाकणारा अल्बम

बँडची स्थापना : मुंबई, १९८४. तेव्हाचं नाव ‘रॉक मशीन’.

पहिले अल्बम : ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०). बाज पाश्चात्त्य हार्ड रॉकचा, पण गाणी स्वतःची. परदेशी गाण्यांच्या नकला करण्याच्या काळात हे धाडसच होतं.

वळण : १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ला एमटीव्ही आशियाचा प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला. गाणं जुन्या नावाच्या अल्बममधलं, सन्मान मात्र नव्या नावाला!

नवा सूर : १९९५ चा ‘इंडस क्रीड’. नावाप्रमाणेच सुरातही भारतीय रंग उतरू लागला. न्यू वेव्ह पंथाच्या ‘टॉकिंग हेड्स’नेही १९८० च्या ‘रिमेन इन लाइट’मध्ये आफ्रिकी तालांकडे असाच मोहरा वळवला होता.

खंड आणि पुनरागमन : १९९७ मध्ये बँड थांबला, २०१० मध्ये परतला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे जुने तिघे त्यात होते. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला.

कसं ऐकाल? : शिळफाट्याहून बोरघाट चढायला लागलात की १९९० चा अल्बम लावा, मग १९९५ चा. याच क्रमाने ऐका; फरक लगेच कानात भरेल.