निकेलच्या मिश्रधातूंविषयी काही समज आणि वस्तुस्थिती

सुरतेहून धुळ्याकडे येणाऱ्या महामार्गावर, नवापूर-विसरवाडीच्या टापूत, आम्लाचे टँकर जो नित्य पाहतो, त्याची अशी समजूत होणे स्वाभाविक आहे की, कापडाची पाहता पाहता चाळण करणारा आणि कातडी जाळणारा हा जिन्नस ज्या टाकीतून जातो ती टाकी एखाद्या दुर्मिळ, महागड्या आणि सर्वथा अभेद्य धातूचीच असली पाहिजे. वस्तुतः ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादाच्या टाकीतून नेता येते. कारण त्याच्या प्रथम स्पर्शानेच पोलादावर आयर्न सल्फेटचा जो थर धरतो, तो आम्लाला पुढे वाट देत नाही. मात्र त्याच आम्लात भरपूर पाणी मिसळले की हा थर टिकत नाही आणि टाकीचे पोलाद झपाट्याने खाल्ले जाऊ लागते. धातू टिकतो किंवा झिजतो तो कशाच्या सहवासात, हा प्रश्न न विचारताच ‘हा धातू गंजत नाही’ असा निवाडा देण्याची जी सवय आहे, तीतूनच निकेलच्या मिश्रधातूंविषयीचे बहुतेक गैरसमज उद्भवतात.

पहिला गैरसमज असा की, निकेलचा मिश्रधातू म्हणजे स्टेनलेस स्टीलचाच अधिक उंची प्रकार असून तो कोणत्याही आम्लाला पुरून उरतो. स्टेनलेस स्टीलमध्ये मुख्य घटक लोखंड असतो. निकेलच्या मिश्रधातूंच्या कुळात तो मान निकेलचा आहे. कॅनडातील सडबरीच्या खनिजात निकेल आणि तांबे एकत्रच सापडतात, आणि त्यांची फारकत न करता विसाव्या शतकाच्या आरंभी जो मिश्रधातू सिद्ध झाला, त्याला इंटरनॅशनल निकेल कंपनीचे अध्यक्ष अँब्रोझ मोनेल यांच्या नावावरून ‘मोनेल’ म्हणू लागले. त्यात सुमारे दोनतृतीयांश निकेल आणि बाकी बहुतांशी तांबे असते. काचेलाही खाणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लापुढे, त्यात हवेचा शिरकाव होऊ दिला नाही तर, हा मोनेल उत्तम टिकाव धरतो, वाहत्या समुद्राच्या पाण्यातही वर्षानुवर्षे राहतो. आणि नायट्रिक आम्लात मात्र, जेथे साधे स्टेनलेस स्टील निर्धास्त असते, तेथे त्याचा निभाव लागत नाही. हॅस्टेलॉय कुळातही हाच प्रकार दिसतो. बी जातीत निकेलच्या जोडीला सुमारे २८ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती हायड्रोक्लोरिक आम्लाला दाद देत नाही, पण त्याच आम्लात गंजलेल्या नळातून आलेले फेरिक क्षार थोडेसे जरी मिसळले तरी तिची धडगत नसते. सी-२७६ या जातीत मॉलिब्डेनमबरोबर सुमारे १६ टक्के क्रोमियम घालून ही उणीव दूर केलेली आहे. ज्या रसायनशाळेत आज एक आम्ल आणि उद्या दुसरे उकळावे लागते, तेथे सी-२७६ला मागणी का, याचे उत्तर या क्रोमियमात आहे.

भंगाराच्या बाजारात चुंबकाची परीक्षा सर्वमान्य आहे: चुंबक चिकटला तर लोखंड, न चिकटला तर उंची माल. परंतु निकेल हा स्वतःच चुंबकाला ओढला जाणारा धातू आहे. १९५० सालचा निकेलचा रुपया ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी पडताळून पाहावे. मोनेलची तर याहून मौजेची गोष्ट आहे. प्रत्येक चुंबकीय धातूचा तो गुण एका ठराविक तापमानाला लोप पावतो. शुद्ध निकेलच्या बाबतीत ते सुमारे ३५८ अंश सेल्सिअस आहे, तर मोनेल ४००च्या बाबतीत, घटकांच्या प्रमाणात थोडाफार फरक पडेल त्याप्रमाणे, २१ ते ४९ अंशांच्या दरम्यान कोठेतरी. तेव्हा तोरणमाळच्या पठारावर पौषातल्या पहाटे ज्या तुकड्याला चुंबक किंचित ओढतो, तोच तुकडा वैशाखात नंदुरबारच्या उन्हात तापल्यावर चुंबकाला ओळख देईनासा होणे अगदी शक्य आहे, आणि दोन्ही वेळी धातू तोच असतो. खातरजमा करायची असेल तर क्ष-किरणांच्या हातयंत्राने घटकांचे प्रमाण तपासावे, त्याला पर्याय नाही.

मग महाग धातू सर्वत्र वापरावा काय? शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगरला अथवा नवापूर तालुक्यात डोकाऱ्याला साखर कारखाने आहेत. ऊसरसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो जवळजवळ उदासीन करून आटवण्याचे जे काम साखर कारखान्यात चालते, त्याला पितळेच्या किंवा ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या पुरतात. तेथे हॅस्टेलॉय घालणे म्हणजे सभासदांच्या पैशाची नासाडी. खरा धोका असतो हंगाम संपल्यावरच्या साफसफाईत. नळ्यांत साचलेली खपली काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून, नंतर पाण्याने धुण्यात कुचराई केली, तर मागे राहिलेले क्लोराइड स्टेनलेस स्टीलला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडते. बाहेरून नळी चकचकीत, तांबूस गंजाचा मागमूस नाही, आणि आतून ती आरपार भोकसलेली! गंज दिसला नाही म्हणजे क्षरण झाले नाही, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. क्लोराइड, उष्णता आणि धातूतील ताण हे त्रिकूट जमले की ३०४ पोलादाला सूक्ष्म तडेही जातात, आणि येथे मात्र निकेलची महती निर्विवाद आहे: मिश्रणात निकेल सुमारे ४५ टक्क्यांच्या वर गेले की हे तडे जवळजवळ बंदच होतात. तारापूरच्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांत वाफ तयार करणाऱ्या नळ्याही, ४५ टक्क्यांइतके नसले तरी, ३० ते ३५ टक्के निकेल असलेल्या इन्कोलॉय ८००च्या आहेत, त्या ठिकाणी साध्या स्टेनलेस स्टीलवर विसंबणे कोणालाही परवडणारे नाही.

निकेलचा मुलामा आणि निकेलचा मिश्रधातू यांचीही गल्लत होते. मुलाम्याला एक ओरखडा पडला की खालचे लोखंड तेथे उलट अधिक वेगाने गंजते; जस्ताचा लेप स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो, निकेलचा वाचवत नाही.

नंदुरबारच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वेल्डर होऊन जी मुले अंकलेश्वरच्या बाजूस कामाला जातात, त्यांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. साध्या पोलादावर हात बसलेला माणूस जोडाच्या जागी लागलेल्या तेलाकडे किंवा खुणेच्या खडूकडे फारसे लक्ष देत नाही. या तेलात वा खडूत गंधक असेल, तर तापलेल्या निकेलशी त्याचा संयोग होऊन जो सल्फाइड बनतो तो निकेलच्या १४५५ अंशांच्या मानाने फार खाली, साडेसहाशे अंशांच्या आतच, वितळतो, धातूच्या कणाकणांमधील सांध्यांत शिरतो आणि लाखांचा जोड थंड होताना तडकतो. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजू ॲसिटोनने स्वच्छ पुसाव्यात, आणि घासण्याचा ब्रश स्टेनलेसच्या तारांचा, तोही याच कामापुरता वेगळा ठेवलेला असावा.