पॅरिसचा तीन तासांचा खेळ आणि शहापूर-मुरबाडचा प्रेक्षक

पॅरिस : फ्रेंच चित्रपटाविषयी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत दोन समज पक्के रुजलेले आहेत. फ्रान्समधील सामान्य माणूस सदैव संथ आणि गूढ चित्रपट पाहतो, हा पहिला. आणि तसे चित्रपट पाहण्याची बैठक खेड्यातील प्रेक्षकाकडे नसते, हा दुसरा. पहिल्याचे निरसन एका आकड्याने होते : २००८ साली टपाल खात्यातील एका अधिकाऱ्याच्या बदलीवर बेतलेला विनोदी चित्रपट फ्रान्समध्ये आला, आणि त्याची २ कोटींहून अधिक तिकिटे खपली; म्हणजे कलात्मक चित्रपटाचा प्रेक्षक तेथेही थोडाच असतो. दुसरा समज मात्र नुसता चुकीचा नाही, तर नुकसान करणारा आहे, आणि तो खोडून काढण्यासाठी एका विशिष्ट चित्रपटाकडे बारकाईने पाहणे इष्ट ठरेल.

झाक रिव्हेत (१९२८–२०१६) हे फ्रेंच ‘नवप्रवाहा’तील, म्हणजे आधी समीक्षा लिहून मग स्वतः दिग्दर्शनाकडे वळलेल्या तरुणांच्या पिढीतील, एक प्रमुख दिग्दर्शक होत. त्यांचा ‘सेलीन आणि ज्युली नौकाविहाराला जातात’ हा चित्रपट १९७४ साली आला. त्याची लांबी ३ तास १३ मिनिटे आहे. ज्युली ग्रंथालयात काम करते, सेलीन रात्रीच्या रंगमंचावर जादूचे प्रयोग करते. एका उद्यानात ज्युली जादूचे पुस्तक वाचत बसलेली असताना सेलीन तिच्यासमोरून घाईघाईने जाते, जाताना तिच्या वस्तू गळून पडतात, आणि त्या परत देण्यासाठी ज्युली तिच्यामागे माँमार्त्र टेकडीच्या पायऱ्या चढू-उतरू लागते. बराच वेळ चालणाऱ्या या पाठलागात संवाद जवळजवळ नाहीतच, तरी पायऱ्या संपेपर्यंत दोघींची मैत्री जुळलेली असते. पुढे दोघी एकमेकींच्या जागी उभ्या राहतात : ज्युलीला बालपणापासून ओळखणाऱ्या तरुणाला सेलीन ज्युली बनून भेटते आणि त्याला पिटाळून लावते, तर सेलीनऐवजी ज्युली रंगमंचावर जाते. ज्युलिएत बेर्तो आणि डॉमिनिक लाबुरिये या दोन अभिनेत्रींचा पटकथालेखनातही वाटा आहे, म्हणूनच पडद्यावरची मैत्री पुरुषाने बाहेरून कल्पिलेली वाटत नाही.

चित्रपटाचा गाभा एका बंद घरात आहे. अमेरिकन कादंबरीकार हेन्री जेम्स यांच्या दोन कथांवरून रचलेले एक जुने नाट्य तेथे रोज जसेच्या तसे घडते. घरात एक विधुर आहे. मुलगी जिवंत असेपर्यंत दुसरे लग्न करणार नाही, असे वचन त्याने मृत पत्नीला दिलेले आहे. त्याच्यावर डोळा ठेवून असलेल्या दोन स्त्रिया एकमेकींवर कुरघोडी करतात, आणि या ओढाताणीत त्या लहान मुलीचा जीव धोक्यात येतो. सेलीन आणि ज्युली पाळीपाळीने परिचारिकेचा वेश घेऊन आत जातात. बाहेर पडल्यावर त्यांना काहीच आठवत नाही, फक्त तोंडात एक गोळी उरलेली असते. ती गोळी चघळली की घरातले प्रसंग तुकड्यातुकड्यांनी डोळ्यांसमोर येतात. कॅमेऱ्याकडे तोंड करून शेजारी शेजारी बसलेल्या दोघी गोळी चघळत ते पाहतात, हसतात, पात्रांना नावे ठेवतात, पुढे काय होणार याचा अंदाज बांधतात, आणि शेवटी पाहणे पुरे करून, दोघी मिळून त्या घरात शिरतात व मुलीला बाहेर काढतात. घरातल्या स्त्रिया एका पुरुषासाठी परस्परांच्या वैरिणी झाल्या आहेत, घराबाहेरच्या दोघी मैत्रिणी आहेत; आणि मैत्रीच त्या वैराची कथा बदलून टाकते, हे या चित्रपटाचे म्हणणे आहे.

हे सारे शहापूर-मुरबाडच्या स्त्रीला परके कसे वाटेल? दररोज रात्री दूरचित्रवाणी मालिकेत एका पुरुषापायी दोन स्त्रियांची कारस्थाने चालतात आणि शेजारणी एकत्र बसून त्यांवर मोठमोठ्याने शेरे मारतात. रिव्हेत यांनी नेमका हाच प्रसंग चित्रपटाच्या मध्यभागी ठेवला आहे. पॅरिसच्या चित्रपटगृहात मध्यंतर नसते, बोलणे असभ्य मानले जाते आणि श्रेयनामावली संपेपर्यंत बहुतेक प्रेक्षक उठत नाहीत. ही शिस्त आदरणीय आहे. परंतु पडद्यावरच्या त्या दोन बोलक्या प्रेक्षकांचे खरे नातेवाईक शोधायचे तर ते किन्हवलीच्या किंवा टोकावड्याच्या एखाद्या पडवीत अधिक सापडतील.

लांबीची सबबही टिकणारी नाही. म्हशाच्या जत्रेत तमाशाचे फड उभे राहतात, गावोगावच्या सप्ताहांत कीर्तन आणि जागर रात्र सरेपर्यंत चालतात, गौरीच्या रात्री बायका फेर धरतात आणि झिम्मा-फुगडी खेळता खेळता सासू, नणंद आणि नवरा यांची सोंगे वठवतात. वेश बदलून दुसऱ्याच्या जागी उभे राहणे आणि ठरलेली कथा पुन्हा पुन्हा रंगवणे, हे येथील लोककलेचे रोजचे व्याकरण आहे. गी प्वातवँ हे मूळचे फ्रेंच अभ्यासक पुण्यात स्थायिक झाले आणि हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; जात्याला बसलेल्या दोघीजणींनी एकमेकींजवळ उघडे केलेले मन त्या संग्रहात नोंदले गेले आहे. एक फ्रेंच माणूस इतक्या चिकाटीने मराठी खेड्याचे ऐकू शकतो, तर मराठी खेड्याला फ्रेंच चित्रपट झेपणार नाही, असे परस्पर ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे?

फरक रुचीचा नाही, सोयीचा आहे. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटामागे सुमारे पावणेअकरा टक्के कर घेतला जातो. तो १९४६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जमा होतो आणि त्यातून चित्रपटनिर्मितीप्रमाणेच लहान गावांतील चित्रपटगृहांनाही मदत मिळते. लोकांनी भरभरून पाहिलेला विनोदी चित्रपट अशा रीतीने रिव्हेत यांच्यासारख्याचा खर्च उचलतो. अनेक लहान गावांत चित्रपटगृह नगरपालिकेचे असते, जेथे ते नाही तेथे फिरते चित्रपटगृह पोहोचते, आणि शाळकरी मुलांना वर्गासह तेथे नेऊन जुने-नवे चित्रपट दाखवण्याची योजना १९९४ पासून चालू आहे.

महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला अनुदान आहे, परंतु त्याचा भर निर्मितीवर आहे. प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याचा विचार त्यात फारच थोडा आहे. पुण्यात चित्रपट प्रशिक्षण संस्था १९६० पासून आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे. मात्र भातसा आणि तानसाचे पाणी ज्या सुरळीतपणे शहापुरातून मुंबईला जाते, त्या सुरळीतपणे मुंबईचे काहीही शहापूरला परत येत नाही. आसनगाव-कसाऱ्याच्या प्रेक्षकाला निदान लोकल तरी आहे. मुरबाडला रेल्वेच नसल्याने तेथील मुलीला असा चित्रपट पाहायचा तर आधी कल्याण गाठावे लागते आणि परतीच्या एसटीची वेळ पाहून मध्येच उठावे लागते. तीन तासांच्या चित्रपटासाठी तिच्याकडे धीर आहे. व्यवस्थेने तिला तेवढा वेळ दिलेला नाही.

‘झिम्मा’ (२०२१) आणि ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) या चित्रपटांना बायका गटागटाने, नटूनथटून गेल्या, तेव्हा स्त्रियांच्या सोबतीच्या कथेला मराठीत किती मोठा प्रेक्षक आहे हे सर्वांना दिसले. त्याच प्रेक्षकापुढे बचत गटाच्या सभागृहात किंवा तालुक्याच्या महाविद्यालयात, मराठी उपशीर्षके देऊन आणि हवे तर मध्ये चहाला थांबून, सेलीन आणि ज्युली यांना आणले पाहिजे. खेळ चालू असताना बायका बोलल्या तरी त्यांना गप्प करू नये. तो चित्रपट पाहण्याची तीच रीत त्या दोघींनी पडद्यावर घालून दिलेली आहे.