भाऊराव कोल्हटकर

भाऊराव कोल्हटकरांचा आवाज कोणत्याहि तबकडीवर नाहीं. ते १९०१ च्या फेब्रुवारींत वारले, आणि गाणीं उतरवून घेणारे ग्रामोफोनवाले हिंदुस्थानांत आले ते १९०२ सालीं!

१८६३ सालीं बडोद्यास जन्मलेल्या या गोड गळ्याच्या तरुणास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८२ त आपल्या मंडळींत आणिलें. त्याच वर्षीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलें, आणि सुभद्रेच्या भूमिकेनें ते लोकांच्या तोंडीं ‘भावड्या’ झाले. परंतु गुरूचें छत्र तीनच वर्षें लाभलें. १८८५ त अण्णासाहेब वारले, ‘रामराज्यवियोग’ अपुरेंच राहिलें. नाटककार गेला कीं मंडळी मोडावयाची, हा नेहमींचा अनुभव. येथें मात्र बावीस वर्षांच्या भाऊरावांनीं मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर या जोडीदारांसह ती सांभाळली. पुढें गोविंद बल्लाळ देवलांचें ‘शारदा’ याच मंडळीनें १८९९ त रंगभूमीवर आणिलें.

वय वाढलें तसा भाऊरावांनीं स्त्रीवेष उतरविला व पुरुषभूमिका पत्करल्या. ज्या रूपावर मंडळीचें पोट चालावयाचें, तेंच सोडणें! मला तर सुभद्रेहून हेंच धाडस मोठें वाटतें. गळा तेवढा सोबतीस राहिला. मरणसमयीं ते अवघे सदतीस वर्षांचे होते.